हयात साहित्यिकांची यादी

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत मला घेतलं, ते मी निवृत्त लेखापरीक्षक आहे म्हणून. हिशेब तपासायला फुकट माणूस मिळतो, एवढाच त्यामागचा व्यवहार. मी मात्र आपल्या वाङ्मयीन जाणिवेची अखेर कुणीतरी दखल घेतली, असं समजून चाललो. त्यामुळे २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा विषय निघाला, तेव्हा मी घसा खाकरून सूचना मांडली. वाचनालयाच्या दालनात महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावायचा, मराठी साहित्यिकांची जन्मगावं त्यावर टाचणीने दाखवायची आणि जे हयात असतील त्या सगळ्यांना कार्यक्रमाचं निमंत्रण धाडायचं.

अध्यक्षस्थानी गावातल्या हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर होते. ते म्हणाले, “सूचना उत्तम. यादी कोण करणार?”

असा प्रश्न आला की सगळी सभा सूचना मांडणाऱ्याकडे बघते. “मी करतो,” मी म्हणालो. “कॉम्प्युटरवरून. संध्याकाळपर्यंत.” कार्यवाहांनी ते ताबडतोब इतिवृत्तात घातलं.

संध्याकाळ हा शब्द मी पुतणीच्या भरवशावर उच्चारला होता. ती पुण्यात एका कंपनीत ‘नॉलेज ग्राफ’ नावाचं काहीतरी करते. फोनवर म्हणाली, “काका, विकिडेटावर हे सगळं मिळेल. पण स्पार्कलमध्ये क्वेरी लिहावी लागेल.”

“मग लिही ना.”

“मी मीटिंगमध्ये आहे. तुम्हीच लिहा, सोपं असतं. आणि त्याआधी पिझ्झाचा धडा वाचा, लिंक पाठवते.”

मी बरं म्हणालो. लोकांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात माझी नोकरी गेली. मी प्रश्न विचारला की भले भले अभियंते रजेवर जायचे. एका यंत्राला प्रश्न विचारायला मला धडा कशाला हवा? तोही पिझ्झाचा!

विकिडेटा म्हणजे विकिपीडियाचं २०१२ साली जन्मलेलं भावंड. तिथे परिच्छेद नसतात, तीन पदांची विधानं असतात. कुसुमाग्रज, जन्मस्थळ, पुणे. संपलं. अशी विधानं कोट्यवधी रचून ठेवली की त्यांचं एक जाळं होतं. जगात कुठल्या जातीच्या गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचा जो आराखडा त्या जाळ्याखाली असतो त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शिवाय प्रत्येक गोष्टीला क्रमांक! विश्व क्यू१, पृथ्वी क्यू२, माणूस क्यू५, मराठी भाषा क्यू१५७१, पुणे क्यू१५३८. पुण्याला विश्वानंतर इतक्या उशिरा क्रमांक मिळाला, हे पुण्यात कळलं आहे की नाही याची कल्पना नाही. पण लेखाशीर्षांच्या आकड्यांत हयात घालवलेल्या मला ही व्यवस्था पाहून भरून आलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोठं स्वप्न आहे, हेही मी वाचून काढलं. मे २००१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्याबरोबर ‘सिमँटिक वेब’वर एक लेख लिहिला होता. त्यात दोन भावंडांच्या आईला फिजिओथेरपीची गरज असते. बहीण दवाखान्यातूनच आपल्या संगणकी मदतनिसाला सांगते आणि तो विम्यात बसणारा, घराजवळचा, नावाजलेला थेरपिस्ट शोधून दोघा भावंडांच्या सवडीच्या वेळाही जुळवून देतो. आपल्याकडे आईला दवाखान्यात कुणी न्यायचं यावर भावंडांचं बोलणं बंद होतं. तेवढं जर यंत्राला जमणार असेल, तर माझ्या टाचण्या म्हणजे काहीच नव्हतं.

स्पार्कल ही या जाळ्याला प्रश्न विचारायची भाषा. जानेवारी २००८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती प्रमाण म्हणून जाहीर केली. तिची रीत अशी की आपण तीन पदांचं विधान लिहायचं आणि जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह लावून एक नाव ठेवायचं. प्रश्नचिन्ह नावाच्या आधी येतं आणि पुढचं नाव देवनागरीतही चालतं. ‘?लेखक, जन्मस्थळ, पुणे’ असं लिहिलं की पुण्यात जन्मलेल्यांनी रांगेत उभं राहायचं. मला ही भाषा आवडली. उत्तर माहीत नसताना इतक्या ठामपणे वाक्य पूर्ण करायची सोय मला खात्यातही नव्हती.

शोधखिडकी उघडली. नवशिक्यांसाठी तिथे नमुन्याच्या क्वेऱ्या ठेवलेल्या असतात. त्यातली पहिली मांजरांची. मी निळं बटण दाबलं आणि जगभरातल्या नोंदलेल्या मांजरांची यादी समोर आली. एवढं जमल्यावर धीर चेपला. मांजराचा क्रमांक क्यू१४६. तो खोडून मी तिथे माणसाचा क्यू५ घातला. आधी सगळी माणसं मागवून घ्यावीत, मग त्यांतून साहित्यिक वेचावेत, असा माझा हिशेबी बेत होता. विकिडेटात एक कोटीहून अधिक माणसं आहेत आणि ही सेवा एका प्रश्नासाठी साठ सेकंदच खर्च करते, हे मला त्यानंतर कळलं. साठ सेकंद संपल्यावर पडद्यावर लालभडक मजकूर आला. त्यातलं ‘टाइमआउट’ एवढंच मला समजलं. आमच्या खात्यात कुठल्याही प्रश्नाला साठ सेकंदांत नकार मिळालेला मी पाहिला नव्हता. नकारालाही तीन महिने लागत.

मग ठरवलं की एकेक नाव घेऊन विचारायचं. ज्यांच्या जयंतीचा कार्यक्रम, त्यांच्यापासून सुरुवात. नावाच्या जागी अवतरणात ‘कुसुमाग्रज’ लिहिलं. उत्तर शून्य. शुद्धलेखन तपासलं. शून्य. मी पुतणीला फोन करून सांगितलं, “तुमच्या जगाच्या जाळ्यात कुसुमाग्रज नाहीत.”

“काका, नावाच्या शेवटी मराठीची खूण लावली का?”

“मराठीतच लिहिलंय की मी!”

“त्याला कसं कळणार? शेवटी ‘ॲट’चं चिन्ह आणि भाषेचा कोड लावायचा. खूण नसलेलं नाव आणि मराठीची खूण असलेलं नाव, ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावं. आणि लेबलात त्यांचं मूळ नाव असेल, तर टोपणनाव ‘उर्फ’च्या रकान्यात शोधायचं.”

ज्या भाषेत प्रत्येक कवी कुणाचा तरी अग्रज किंवा अनुज होऊन बसलाय, तिथे हा उर्फचा रकाना केवढा भरला असेल, या विचाराने मी खचलो. नावांचा आणखी एक प्रकार मग माझा मलाच सापडला. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकदा सबंध अक्षर म्हणून, आणि एकदा ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्र मात्र आतले संकेतांक जुळवून पाहतं आणि म्हणतं, ओळख नाही. दोन प्रतींत अक्षराचा फरक काढून मी लोकांची प्रवासबिलं परत पाठवत असे. मला माझ्याच तोलाचा तपासनीस भेटला होता.

नावं सोडून मी गावांकडे वळलो. पी१९ म्हणजे जन्मस्थळ, क्यू११९१ म्हणजे महाराष्ट्र. दोन्ही जोडली. अख्ख्या महाराष्ट्रात जेमतेम मूठभर माणसं जन्मलेली निघाली. कारण उघड होतं, पण ते मला जेवण झाल्यावर दिसलं. माणूस राज्यात जन्मत नाही, गावात जन्मतो. नोंदीत फैजपूर असतं, पुणे असतं. फैजपूर तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा राज्यात, अशी शिडी चढून जायला यंत्राला सांगावं लागतं. त्यासाठी पी१३१ हा संबंध आणि त्याच्यापुढे एक तारा. तारा म्हणजे हव्या तितक्या पायऱ्या चढ. तो तारा लावला आणि खळ्ळकन ओळी कोसळू लागल्या. मी छापील यादी घेऊन वाचनालयात गेलो.

ग्रंथपालबाईंनी यादीवर नजर फिरवली. “दुर्गाबाई भागवत कुठे गेल्या?”

दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा. बाई एकेक नाव विचारू लागल्या. राम गणेश गडकरी? जन्म गुजरातेत, नवसारीला. भा. रा. तांबे? मध्य प्रदेशातल्या मुंगावलीचे. बा. भ. बोरकर? गोव्यातले. जी. ए.? बेळगाव जिल्ह्यातले. एका ओळीच्या अटीने मी मराठी साहित्याचा बराचसा ऐवज राज्याबाहेर काढला होता.

“पण बाई, नकाशा महाराष्ट्राचा आहे,” मी क्षीण बचाव केला.

“मग काय झालं? टाचण्या भिंतीवर लावू की.”

तेव्हा महाराष्ट्र काढून टाकला आणि अट घातली भाषेची. मराठी येणारी सगळी माणसं. क्रिकेटपटू आले, नट्या आल्या, आजी-माजी मंत्री आले. मराठी येणं आणि मराठीत लिहिणं यांत अंतर असतं, हे यंत्राला मी सांगितलंच नव्हतं. आपल्यातुपल्यात ते सांगावं लागत नाही. मग व्यवसाय ‘लेखक’ असा घातला. मंत्री थोडे कमी झाले, पण कवी गायब. कवी हा लेखकाचाच प्रकार आहे, असं ऑन्टॉलॉजीत नोंदलेलं असलं तरी ‘प्रकारही धर’ हे पी२७९ आणि पुन्हा एक तारा लावून सांगावं लागतं. सांगितलं. कवी आले. प्रदर्शनात शोभा यावी म्हणून प्रत्येकाचे व्यवसाय आणि पुरस्कारही मागवले आणि पु. ल. देशपांडे पानंच्या पानं भरून आले.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. ते बिघडलं नव्हतं, गुणाकार करत होतं. पुलं लेखक, नट, दिग्दर्शक, संगीतकार. एखाद्याचे सहा व्यवसाय आणि पाच पुरस्कार नोंदलेले असतील, तर यंत्र त्यांच्या सगळ्या जोड्या लावून तीस ओळी देतं. लेखक म्हणून साहित्य अकादमी, नट म्हणून साहित्य अकादमी, संगीतकार म्हणून साहित्य अकादमी. एकच बिल पुन्हा पुन्हा सादर झालंय, अशा समजुतीने मी लाल पेन्सिल घेऊन पुलंना खोडत बसलो होतो. ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द लावून पाहिला. पण त्याने हुबेहूब सारख्या ओळी जातात, आणि या ओळी एकमेकींपासून कुठे ना कुठे वेगळ्या होत्या. अखेर पुरस्कार आणि व्यवसाय दोन्ही मागणं सोडून दिलं. इतकं करणाऱ्या माणसाने निदान माझ्या यादीत एकाच ओळीत राहावं, एवढीच अपेक्षा उरली.

जन्मतारखांचा रकाना पाहिला तर साहित्यिकांची रांगच १ जानेवारीला जन्मलेली. थंडीत प्रतिभा फुलते, असा एक सिद्धांतही मी मनात मांडून टाकला. पुतणी हसून म्हणाली, “नुसतं साल माहीत असलं की या सोप्या क्वेरीत ते त्या सालाची १ जानेवारी म्हणून येतं. अचूकता कितपत आहे हे वेगळं विचारावं लागतं.” हे मी नाक मुरडून ऐकत होतो. मग आठवलं की आमच्या पिढीतल्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना पडताळ्याची हीच तारीख सोयीची पडे. विकिडेटा निदान पोटात तरी खरं काय ते ठेवतं.

“काका, पिझ्झाचा धडा वाचलात ना?” तिने विचारलं. “मार्गेरिटापर्यंत?”

“वाचला,” मी म्हणालो. आईस्क्रीमपर्यंत वाचला होता.

हा धडा मँचेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी ऑन्टॉलॉजी शिकवण्यासाठी रचलेला आहे आणि स्टॅनफर्डमध्ये घडलेल्या ‘प्रोटेजे’ या साधनावर तो गिरवायचा असतो. त्यात सांगितलं जातं की ‘वर काहीतरी पसरलेलं असणं’ हा संबंध पिझ्झाचा. पुढे कुणी आईस्क्रीमवर काही पसरलं, तर यंत्र शांतपणे निष्कर्ष काढतं की आईस्क्रीम हासुद्धा पिझ्झा आहे. आणि दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत असं आधीच सांगून ठेवलं असेल, तर म्हणतं, असं आईस्क्रीम अस्तित्वातच असू शकत नाही. मी पोट धरून हसलो आणि पुढचं वाचायचं राहून गेलं. पुढे मार्गेरिटा होती.

आता उरले होते हयात साहित्यिक. हे काम मला सगळ्यांत सोपं वाटलं. पी५७० म्हणजे मृत्यूची तारीख. ज्यांना ती नाही, ते हयात. ‘फिल्टर नॉट एग्झिस्ट्स’ असे तीन शब्द, कंसात मृत्यू, बस्स. क्वेरी पहिल्याच फटक्यात चालली. साठ सेकंदांच्या आत, लाल मजकूर नाही, पुनरुक्ती नाही, नावं अकारविल्हे. इतका सफाईदार निकाल पाहिल्यावर माझ्यातला लेखापरीक्षक तृप्त झाला. सवयीप्रमाणे मी एकूण संख्या दोनदा मोजली. नावं वाचली नाहीत. आमच्याकडे बेरीज जुळली की नावं कुणी वाचत नसे.

यादी कार्यवाहांकडे गेली. त्यांनी उत्साहाने पाकिटं आणली. ज्यांचे पत्ते मिळाले नाहीत त्यांच्यापुढे ‘प्रकाशकांमार्फत’ असं लिहिलं आणि अंतिम मंजुरीसाठी यादी कार्यकारिणीपुढे ठेवली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या नावाशी ते थबकले.

“ऑडिटरसाहेब, या बाई यादवकाळातल्या आहेत.”

“असतील, सर.”

“नाही, म्हणजे यांना स्टँडवर घ्यायला कोण जाणार?”

सभेत खसखस पिकली. हेडमास्तर पुढे वाचू लागले, आणि आता त्यांना गोडी लागली होती. “हे शाहीर. पेशवाईतले. यांना मानधन रोख द्यायचं की चेकने? रोखच द्या, बँकेत सही जुळायची नाही. हे महानुभाव पंथातले. यांना मजकूर सांकेतिक लिपीत पाठवावा लागेल. हे बखरकार. यांचं नाव वक्त्यांत घाला, विषयाला धरून बोलतील.”

ग्रंथपालबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कार्यवाहांनी विचारलं, “इतिवृत्तात काय नोंदवू?”

“नोंदवा,” हेडमास्तर म्हणाले, “सातशे वर्षांवरील साहित्यिकांची प्रकृती उत्तम असल्याचे ऑडिटरसाहेबांनी सभेस कळवले. सभेने समाधान व्यक्त केले.”

ते वाक्य इतिवृत्तात आजही आहे. पुढच्या सभेत ते वाचून कायम करण्यात आलं, तेव्हा अनुमोदन मला द्यावं लागलं.

त्या रात्री मी मार्गेरिटापर्यंत वाचलं. शाकाहारी पिझ्झाची व्याख्या अशी दिलेली असते, की ज्याच्यावर फक्त चीज आणि भाज्या. मग सांगायचं की मार्गेरिटावर मोझरेला आहे, टोमॅटो आहे. आणि यंत्राला विचारायचं, मार्गेरिटा शाकाहारी आहे का? यंत्र हो म्हणत नाही. कारण मोझरेला आहे आणि टोमॅटो आहे, एवढंच आपण सांगितलेलं असतं. याखेरीज काही नाही, हे सांगितलेलंच नसतं. ते स्वतंत्र वाक्यात लिहून दिल्याशिवाय यंत्र मार्गेरिटाला शाकाहारी ठरवत नाही.

मला आमच्या काकू आठवल्या. हॉटेलात केकवर ‘अंडं’ असं लिहिलेलं नाही म्हणून त्यांनी कधी केक खाल्ला नाही. “लिहिलं नाही म्हणजे नसेलच कशावरून?” म्हणत त्या वेटरला, मग आचाऱ्याला, मग मालकाला गाठायच्या आणि तिघांच्याही तोंडून ‘नाही’ ऐकल्यावर काकडीची कोशिंबीर मागवायच्या. आम्ही भावंडं लाजेने टेबलाखाली जायचो. आज कळलं की काकू तर्कशास्त्राच्या एका प्रतिष्ठित परंपरेत बसत होत्या. वेब कुणा एकाच्या मालकीचं नाही, सगळी माहिती कुणापाशीच नाही. म्हणून जे नोंदलेलं नाही ते खोटं असं धरायचं नाही, फक्त अजून माहीत नाही असं धरायचं. या गृहीतकाला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. आमचं खातं नेमकं उलट चालायचं. पावती जोडलेली नाही म्हणजे खर्च झालेला नाही, संपला विषय. त्या हिशेबाने मृत्यूची तारीख जोडलेली नाही म्हणजे माणूस गेलेला नाही. यंत्राने मला फक्त ‘मृत्यूची नोंद सापडत नाही’ असं कळवलं होतं. सातशे वर्षं जगण्याचा शेरा माझा होता.

पुतणीने दुसऱ्या दिवशी क्वेरीत एकच ओळ वाढवली, जन्म १९२० नंतरचा हवा. यादी माणसांत आली. ज्यांची जन्मतारीखच नोंदलेली नाही असे काही हयात लेखक तिच्यातून गळाले, ते ग्रंथपालबाईंनी तोंडपाठ सांगितले. पाकिटं रवाना झाली.

पण मला चैन पडेना. विकिडेटात भर कुणीही घालू शकतो, म्हणजे मीही. आणि तिथे अशीही सोय आहे की मृत्यू झाला हे नक्की, पण तारीख कळत नाही, तर ‘मूल्य अज्ञात’ असं लिहून ठेवता येतं. तेवढं लिहिलं की पुढच्या वेळी कुणा ऑडिटरच्या यादीत ती व्यक्ती हयात म्हणून यायची नाही. फक्त विधानाला संदर्भ जोडावा, अशी अपेक्षा असते. संदर्भ जोडण्याच्या आग्रहापायी मी निम्म्या जिल्ह्याचा दुरावा पत्करलेला आहे, तेव्हा हे काम माझ्याइतकं कुणाला शोभलं नसतं. आता रोज रात्री वाचनालयातले जुने चरित्रकोश समोर घेऊन मी बसतो आणि एकेका साहित्यिकाचा रीतसर निकाल लावतो.

परवा बायकोने हाक मारली, “अहो, पानं वाढलीत. काय चाललंय इतका वेळ?”

“आलो. एका शाहिराला मारतोय, पण पुरावाच सापडत नाही.”

“मग राहू द्या की जिवंत,” ती म्हणाली. “तुमच्या कार्यक्रमाला येत नाही म्हणून अजून कळवलं नाही, असे तेवढे एकच उरलेत.”